जे आजारी पडत नाहीत त्यांच्याकडे पाहताना

वैद्यकशास्त्राचे लक्ष साहजिकच आजारी माणसाकडे असते. ज्याला दुखते तो डॉक्टरांकडे येतो, त्याची तपासणी होते, त्याच्याविषयी लिहिले जाते. ज्याला काहीच होत नाही तो दवाखान्याची पायरी चढत नाही आणि म्हणून कोणाच्या नोंदवहीतही येत नाही. पण अलीकडच्या संशोधनाचा मागोवा घेताना एक गोष्ट माझ्या मनावर अधिकाधिक ठसत गेली आहे. काही आजारांच्या बाबतीत उपचाराचा धागा सापडला तो आजारी माणसाच्या शरीरात नव्हे, तर ज्याला त्याच कारणाने आजारी पडायला हवे होते आणि तरीही जो सुखरूप राहिला, अशा माणसाच्या शरीरात. सिकलसेलवरच्या संशोधनाइतके याचे स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. मी अनेक वर्षे पॅथॉलॉजी शिकवली, आणि शिकवताना या आजाराकडे पुन्हा पुन्हा येत राहिलो, ते याच कारणासाठी.

सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर मूल ‘एसएस’, म्हणजे ग्रस्त असते. एकाकडूनच आले तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. ग्रस्त मुलाच्या तांबड्या पेशी मात्र ऑक्सिजन सोडल्यावर विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. मग हाडांत, पोटात, छातीत असह्य वेदनांचे झटके येतात. पांथरी निकामी होत जाते, खुब्याचे हाड झिजते, लहान मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ५ लाख १५ हजार बाळे हा आजार घेऊन जन्माला आली आणि त्यांतली तीन चतुर्थांशांहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मली, असा अंदाज आहे. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचे वाचू शकलो नव्हतो.

या आजाराची वैद्यकीय नियतकालिकातील पहिली नोंद शिकागोची आहे. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण १९०४ च्या डिसेंबरात तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताची काच पाहिली आणि त्यातल्या लांबट, वाकड्या पेशींची नोंद केली. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. नोएल शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतला, तिथे त्याने व्यवसाय केला आणि १९१६ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने तो गेला. ज्याच्या रक्तामुळे एका आजाराला वैद्यकात जागा मिळाली, त्याचे नाव त्या लेखात नव्हते; इतिहासाच्या अभ्यासकांनी ते बऱ्याच नंतर शोधून काढले. विद्यार्थ्यांना शिकवताना मी हेरिक यांच्याबरोबर नोएलचे नाव आवर्जून घेत असे.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकते, म्हणजे दोष पेशीत नसून रेणूत आहे. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ते हिमोग्लोबिन ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या द्रव्याने तोडले, त्याचे तुकडे कागदावर पसरवले आणि सुमारे तीस ठिपक्यांपैकी फक्त एकच ठिपका जागा सोडून बसलेला आहे, हे त्यांना दिसले. १९५७ पर्यंत चित्र स्पष्ट झाले. हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते, बाकी सगळे जसेच्या तसे. इतका नेमका दोष त्याआधी कोणत्याही आजारात कोणी दाखवला नव्हता. आणि तरीही पुढची कित्येक दशके या ज्ञानातून रुग्णाच्या हाती एकही औषध आले नाही. दोष नेमका कळला म्हणजे इलाज जवळ आला, अशी आपली समजूत असते, आणि सिकलसेलच्या बाबतीत ती टिकली नाही. इलाजाकडे नेणारा रस्ता निघाला तो दुसऱ्याच एका निरीक्षणातून, आणि ते पॉलिंग यांच्या लेखाच्या आदल्या वर्षीच छापून आले होते.

ते निरीक्षण समजण्यासाठी सिकलिंगची चाचणी कशी करतात ते सांगायला हवे. काचेवर रक्ताचा एक थेंब घ्यायचा, त्यात ताज्या बनवलेल्या सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणाचा थेंब मिसळायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि हवा आत जाऊ नये म्हणून तिच्या कडा मेणाने किंवा व्हॅसलिनने बंद करायच्या. हे रसायन पेशींमधला ऑक्सिजन काढून घेते. द्रावण आदल्या दिवशीचे असेल तर चाचणी फसते, म्हणून ते दर वेळी नव्याने करायचे. मग मायक्रोस्कोपखाली पाहत बसायचे. सुरुवातीला गोल, मऊ, एकमेकींना चिकटून सरकणाऱ्या पेशी दिसतात. काही वेळाने एखाद्या पेशीची कड किंचित टोकदार होते, मग दुसरीची. काहींना काटेरी पानासारखी टोके फुटतात, काही लांबत लांबत दोन्ही बाजूंनी निमुळत्या होतात, आणि तासाभरात साऱ्या क्षेत्रात विळेच विळे दिसू लागतात. पेशी हलायची थांबते आणि ताठ होऊन पडून राहते. वाहकाच्या रक्तातही हे घडते, त्यामुळे एएस आणि एसएस यांतला फरक या चाचणीने कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. पण आजार म्हणजे काय हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे आहे, त्याने एकदा तरी ही काच पाहावी.

आणि हीच काच नवजात बाळाच्या रक्ताची असेल, तर बरेचदा काहीच घडत नाही. बाळ एसएस असले तरी पेशी गोलच राहतात, किंवा एखाददुसरीच वाकते. म्हणूनच तान्ह्या बाळासाठी ही चाचणी विश्वसनीय मानली जात नाही. चाचणीची मर्यादा म्हणून पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येते आणि विद्यार्थी ती ओळ पाठ करून पुढे जातात. ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ मात्र १९४८ मध्ये त्या ओळीपाशी थांबल्या. नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी इतक्या थोड्या का दिसतात, हाच त्यांच्या लेखाचा विषय होता. बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते आणि ते पेशींना वाकू देत नाही, असे त्यांनी सुचवले. गर्भाचे हिमोग्लोबिन वेगळे असते हे १८६६ पासूनच ठाऊक होते, कारण अल्कलीपुढे ते प्रौढांच्या हिमोग्लोबिनपेक्षा जास्त टिकते. पण ते एखाद्या आजारापासून संरक्षण देत असेल, ही दिशा वॉटसन यांनी दाखवली. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. समोर आजारी बाळ नसताना, उलट बाळ व्यवस्थित असताना, ‘हे व्यवस्थित का आहे?’ असा प्रश्न पडणे ही सोपी गोष्ट नाही.

गर्भाच्या हिमोग्लोबिनला, म्हणजे एचबीएफला, बीटा साखळी नसतेच. तिच्या जागी गॅमा साखळी असते. जन्मानंतरच्या काही महिन्यांत शरीर गॅमाचे उत्पादन आवरते घेते आणि बीटाचे वाढवते. प्रौढ माणसात एचबीएफ साधारणपणे एक टक्क्याहूनही कमी उरते. निरोगी माणसाला या बदलाने काही फरक पडत नाही. एसएस बाळाच्या बाबतीत मात्र ज्या साखळीत दोष आहे तीच आता रक्तात भरू लागते, आणि सहाएक महिन्यांचे झाल्यावर त्याच्या हातापायांची बोटे सुजू लागतात. अनेक घरांत हे या आजाराचे पहिले लक्षण असते.

एचबीएफ नेमके करते काय, हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. ऑक्सिजन सोडलेले दोन सिकल हिमोग्लोबिन रेणू शेजारी आले की एकाचे सहाव्या जागेवरचे व्हॅलिन दुसऱ्याच्या बीटा साखळीतल्या एका खाचेत बसते, त्याला तिसरा चिकटतो, आणि अशा रीतीने चौदा पदरांचा लांब दोर तयार होतो. पेशी वाकते ती या दोरांच्या ताणाने. पण दोर लगेच तयार होत नाही. आधी काही काळ काहीच घडत नाही आणि मग अचानक सगळे घडते. हा मधला अवधी किती असेल, ते पेशीत सिकल हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर अवलंबून असते, आणि हे अवलंबून असणे विलक्षण तीव्र आहे. १९७४ मध्ये जेम्स हॉफ्रिक्टर, फिलिप रॉस आणि विल्यम ईटन यांनी मोजले, तेव्हा हा अवधी दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घातानुसार बदलतो असे आढळले. दाटपणा जरासा कमी झाला, तरी अवधी कित्येक पटींनी लांबतो. आता हे ध्यानात घ्यायचे की पेशी केशवाहिनीतून साधारण एका सेकंदात पार होते आणि फुप्फुसांत पोचून पुन्हा ऑक्सिजन घेते. तेवढ्या वेळात दोर तयार झाला नाही, तर ती सुटली. सिकल हिमोग्लोबिन हद्दपार करण्याची गरजच नाही, त्याला उशीर झाला की पुरते. एचबीएफ हेच करते. ते स्वतः दोरात शिरत नाही, आणि ज्या मिश्र रेणूत एक गॅमा आणि एक सिकल बीटा असते तोही शिरत नाही. त्यामुळे दोर वळायला लागणारे रेणू विरळ होतात.

वॉटसन यांची दिशा बरोबर होती याचे पुरावे हळूहळू जमत गेले, आणि ते सगळे पुन्हा सुखरूप राहिलेल्या माणसांकडूनच आले. १९५० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत काही जण असे आढळले, ज्यांच्यात गर्भाचे हिमोग्लोबिन मोठेपणीही बनत राहते. अशा माणसाला दुसऱ्या पालकाकडून सिकलचे जनुक आले तरी त्याच्या रक्तात साधारण तीस टक्के एचबीएफ असते आणि आजाराची लक्षणे जवळजवळ नसतातच. त्याला कोणी तपासले नसते, तर तो कधीच कोणाच्या लक्षात आला नसता. १९७० च्या दशकात सौदी अरेबियाच्या पूर्व भागातून सौम्य सिकलसेलची वर्णने आली आणि १९८६ मध्ये ओडिशातील रुग्णांची जमैकातील रुग्णांशी तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे एचबीएफ जास्त होते. मात्र या निष्कर्षांचा एक दुष्परिणामही झाला, तो नोंदवायला हवा. भारतातला सिकलसेल सरसकट सौम्यच असतो, असा समज काही काळ पसरला आणि तो खरा नाही. इथल्याही अनेक मुलांना वारंवार रुग्णालयात भरती व्हावे लागते. लोकसंख्येच्या सरासरीवरून समोरच्या मुलाची वेदना मापता येत नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेत साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास ओरा प्लॅट यांनी प्रसिद्ध केला, आणि त्यातून फार उपयोगी गोष्ट निघाली. ज्यांचे एचबीएफ मुळातच कमी आहे, त्यांच्यातही ते थोडे वाढले तर वेदनांचे झटके कमी होतील, असे आकडे सांगत होते. त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात जास्त एचबीएफ आणि दीर्घायुष्य यांचाही संबंध दिसला.

एचबीएफ वाढवायचे कसे, यावर तोवर प्रयोग सुरू झाले होते. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन १८६९ मध्ये प्रथम तयार केले गेले होते आणि रक्ताच्या कर्करोगात वापरले जात होते. ते घेतल्यावर सिकलसेलच्या रुग्णांत एचबीएफ वाढते, हे १९८४ मध्ये दाखवले गेले. त्यानंतर २९९ प्रौढ रुग्णांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले: वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते, आणि फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. गोळी जुनी, स्वस्त आणि तोंडाने घ्यायची. ती सर्वांमध्ये सारखी लागू पडत नाही आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवावे लागते, हे खरे. पण या आजारात गोळीभर औषधाने आयुष्य बदलू शकते, हे तिने दाखवून दिले.

इथे पेनिसिलिनचा उल्लेख न करता पुढे जाणे मला जमणार नाही, कारण सिकलसेलमधल्या सर्वांत महत्त्वाच्या संशोधनांत मी त्याला धरतो. पांथरी काम करीनाशी झाली की न्यूमोकोकस हा जंतू बघता बघता रक्तात पसरतो आणि ताप आल्यापासून काही तासांत मूल दगावू शकते. १९८६ मध्ये २१५ लहान मुलांवर झालेल्या चाचणीत रोज दोनदा पेनिसिलिन देण्याने हा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. पण हे पेनिसिलिन पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हायला हवे, म्हणजे मूल सिकलसेलग्रस्त आहे हे लक्षणे दिसण्याआधीच कळायला हवे. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ते कळू शकते. जे एचबीएफ सुरुवातीचे महिने आजार लपवून ठेवते, तेच आपल्याला तयारीसाठी तेवढा अवकाशही देते. जिथे जन्मतः तपासणीची सोय आहे तिथे हा अवकाश सत्कारणी लागतो. जिथे नाही तिथे कित्येक मुले आजाराचे नावही कळण्याआधी जातात.

गॅमाचे उत्पादन जन्मानंतर बंद कोण करते, हा प्रश्न मात्र पन्नास-साठ वर्षे जागचा हलला नव्हता. त्याचे उत्तर २००७ आणि २००८ या दोन वर्षांत आले, तेही अनपेक्षित ठिकाणाहून. निरोगी प्रौढांतही कोणाचे एचबीएफ किंचित जास्त, कोणाचे किंचित कमी असते. हा बारीकसा फरक कोणत्या जनुकीय फरकांशी जोडलेला आहे, हे साऱ्या गुणसूत्रांवर शोधले गेले, आणि दुसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘बीसीएल११ए’ या जनुकाकडे बोट गेले. हे जनुक तोवर लिम्फोमासारख्या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगांच्या संदर्भात माहीत होते. हिमोग्लोबिनशी त्याचा काही संबंध असेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. डिसेंबर २००८ मध्ये विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बीसीएल११एचे प्रथिन गॅमा जनुकाला दाबून ठेवते. ते कमी केले की गॅमा पुन्हा सुरू होते. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या रक्तपेशींतून हे जनुक काढून टाकले, तेव्हा त्यांचा आजारच ओसरला.

पण बीसीएल११ए सरळ काढून टाकणे माणसात शक्य नव्हते, कारण ते मेंदूच्या वाढीला लागते आणि बी-लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही लागते. इथे संशोधकांची चिकाटी कामी आली. २०१३ मध्ये असे आढळले की या जनुकाच्याच पोटात डीएनएचा एक छोटा पट्टा आहे, जो फक्त तांबड्या पेशींच्या पूर्वजांमध्ये या जनुकाला चालना देतो. पट्टा बिघडवला तर तांबड्या पेशींत बीसीएल११ए उतरते, इतरत्र त्याला धक्का लागत नाही. २०१५ मध्ये त्या पट्ट्यावर जागोजागी क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने छेद देऊन पाहिले गेले आणि जिथे गाटा-१ हे प्रथिन येऊन बसते तीच नेमकी नाजूक जागा आहे, हे कळले. क्रिस्परचे तंत्र २०१२ मध्ये मांडणाऱ्या इमॅन्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले आणि ते योग्यच होते. पण कात्री हाती आल्यावरही कापायचे कुठे हे कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगण्यामागे या साऱ्यांची साठ-सत्तर वर्षे होती.

रुग्णाच्या पेशींत याच जागी क्रिस्परने छेद देणाऱ्या उपचाराला ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता दिली. कॅसजेव्ही हे त्याचे नाव. बातम्यांत तो ‘एकदाच घ्यायचा उपचार’ म्हणून येतो. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर तो बरेच महिने चालतो. आधी औषध देऊन अस्थिमज्जेतल्या, रक्त बनवणाऱ्या मूळपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने गोळा करतात. पुरेशा मिळाल्या नाहीत तर पुन्हा बोलावतात. त्या पेशी प्रयोगशाळेत जातात, त्यांच्यात छेद दिला जातो, तपासण्या होतात, आणि यात महिने जातात. मग रुग्णाला बुसल्फान नावाची केमोथेरपी देऊन त्याची स्वतःची मज्जा रिकामी करतात. तोंड सोलवटते, केस जातात, पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून ती जपण्याची तजवीज आधीच करावी लागते. त्यानंतर बदललेल्या पेशी शिरेतून दिल्या जातात आणि त्या मज्जेत रुजेपर्यंत काही आठवडे संसर्गापासून जपत रुग्णालयात काढावे लागतात. एवढे सोसल्यावर जे हाती येते ते मात्र थक्क करणारे आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुरेसा काळ देखरेखीखाली राहिलेल्या ३० रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने एकही तीव्र झटका आला नाही. त्यांच्या हिमोग्लोबिनपैकी सुमारे चाळीस टक्के एचबीएफ होते, म्हणजे जन्मतः ज्यांना ही देणगी असते त्यांच्यापेक्षाही जास्त. त्यांचे सिकलचे जनुक मात्र जसेच्या तसे आहे. ते कोणी दुरुस्त केलेले नाही. छेदाचे दूरचे परिणाम काय होतात यावर पंधरा वर्षे लक्ष ठेवले जाणार आहे, आणि ते ठेवायलाच हवे.

या उपचाराची अमेरिकेतली जाहीर किंमत माणशी २२ लाख डॉलर आहे. शिवाय मूळपेशी प्रत्यारोपणाचे सुसज्ज केंद्र लागते, ते वेगळेच. ज्या देशांत हा आजार घेऊन सर्वाधिक बाळे जन्मतात तिथे यातले जवळजवळ काहीच उपलब्ध नाही. आमच्या क्षेत्रातल्या काही जणांचे म्हणणे असते की अशा महागड्या संशोधनापेक्षा पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया सगळ्यांपर्यंत पोचवण्यावर भर द्यावा. त्यांची कळकळ मला समजते, पण ही निवड एकाच्या बदल्यात दुसरे अशी मांडणे मला पटत नाही. उपचाराची पहिली पिढी नेहमीच महाग असते आणि दुसरी, तिसरी पिढी स्वस्त होऊ शकते. मला अस्वस्थ करते ते वेगळेच: जे स्वस्त आहे आणि ज्याचा पुरावा पक्का आहे, तेही अजून पोचलेले नाही.

हायड्रॉक्सियुरिया आफ्रिकेत न देण्यामागे बराच काळ एक वैद्यकीय भीती होती. हे औषध पांढऱ्या पेशी कमी करते, तेव्हा जिथे मलेरिया आणि इतर संसर्ग फार आहेत तिथे ते मुलांना घातक ठरेल, असे म्हटले जाई. भीती निराधार नव्हती, पण ती तपासून पाहायला कोणी घाई केली नाही. शेवटी अंगोला, काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक, केनिया आणि युगांडा या चार देशांत १ ते १० वर्षांच्या ६०६ मुलांना हे औषध देऊन पाहिले गेले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. वेदना कमी झाल्या, रक्त देण्याची वेळ कमी वेळा आली, मृत्यू कमी झाले, आणि मलेरियाचे प्रमाणही वाढायच्या ऐवजी घटले. अमेरिकेतल्या प्रौढांच्या चाचणीपासून इथवर यायला चोवीस वर्षे लागली. रेणूचे गुपित उलगडायला वेळ लागतो, ते मी समजू शकतो. ही चोवीस वर्षे मला समजावून घेता येत नाहीत.

सध्या ज्या कामाकडे मी सर्वांत जास्त आशेने पाहतो, ते गोळीचे आहे. २०२४ मध्ये ‘विझ’ नावाच्या एका प्रथिनाविषयी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीसीएल११एप्रमाणे हेही गॅमा जनुकाला दाबून ठेवणाऱ्यांपैकी एक आहे, पण या कामात ते आहे हे आधी ओळखले गेले नव्हते. त्याला पेशीच्या कचरा विल्हेवाटीच्या यंत्रणेशी जोडून देणारा एक लहानसा रेणू संशोधकांनी शोधला. रेणू पेशीत शिरला की विझ नष्ट होते आणि एचबीएफ वाढते. तोंडाने दिल्यावर उंदरांत आणि माकडांत हे घडले. यात केमोथेरपी नाही, मूळपेशी गोळा करायच्या नाहीत, डीएनएला छेद नाही. औषध थांबवले की परिणामही ओसरेल. या आणि अशाच दुसऱ्या मार्गांनी एचबीएफ वाढवू पाहणाऱ्या गोळ्यांच्या माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्यांतल्या काही मधेच सोडून द्याव्या लागतील. प्रयोगशाळेत उत्तम वाटलेला रेणू माणसात निराश करतो, हे औषधांच्या क्षेत्रात नेहमीचे आहे. याच आजारावरचे व्हॉक्सेलोटर हे दुसऱ्या मार्गाने काम करणारे औषध २०१९ मध्ये बाजारात आले आणि २०२४ मध्ये सुरक्षिततेच्या चिंतेमुळे मागे घ्यावे लागले.

म्हणून या गोळ्यांच्या चाचण्या कोठे आणि कोणावर होतात, इकडे माझे लक्ष आहे. एचबीएफ किती वाढले की पुरे, ते सगळ्या पेशींत सारखे पसरले की काहींतच साठले, आधीच जास्त एचबीएफ घेऊन जन्मलेल्या ओडिशातल्या मुलाला ही गोळी किती देईल आणि कमी एचबीएफ असलेल्या काँगोतल्या मुलाला किती, हे प्रश्न श्रीमंत देशांतल्या थोड्या प्रौढांवर चाचणी करून सुटणारे नाहीत. त्यासाठी जिथे मुले जन्मतात तिथेच, मलेरिया आणि कुपोषण जमेस धरून, पहिल्यापासून काम सुरू करावे लागेल. चार देशांतल्या त्या ६०६ मुलांच्या चाचणीने असे काम तिथे चोख होऊ शकते हे दाखवून दिलेले आहे. तिथले डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, औषध वेळेवर घेणारी कुटुंबे आहेत. नव्या गोळीची पहिली मोठी चाचणी त्यांच्याकडे व्हावी, आणि ती अमेरिकेतल्या चाचणीबरोबरच व्हावी.